शू कुठे केली ते दिसतं, कशी केली ते बघावं लागतं

कुत्रेवाल्या लोकांचे फोटो बघा. सोफ्यावर पाय वर करून लोळणारा कुत्रा, कान उडवत पळणारा कुत्रा, लहान मुलाच्या कुशीत घोरणारा कुत्रा. हातात फडकं घेऊन गुडघ्यावर बसलेल्या मालकाचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. खरं तर कुत्र्यासोबतच्या आयुष्याचा चांगलाच मोठा हिस्सा या फडक्याचा असतो, पिल्लू असताना असतो, म्हातारपणी परत येतो आणि मधल्या वर्षांतही अधूनमधून हजेरी लावून जातो. पण बोलत कुणी नाही, कारण एक तर शूबद्दल बोलायचं काय, आणि दुसरं म्हणजे आपल्या घराला वास येतो हे चारचौघांत सांगायला कुणाची जीभ रेटत नाही.

मी बोलणारे. आमच्याकडे आधी बंड्या होता, आता चिंगी आहे, आणि या दोघांनी मिळून घरातला एकही कोपरा कोरडा सोडलेला नाही, त्यामुळे मला या विषयावर बोलायचा पूर्ण अधिकार आहे असं मी समजते.

तर आधी ते 'मुद्दाम' प्रकरण मिटवू. घरात कुत्र्याने शू केली की निम्म्या घरांत पहिलं वाक्य हेच निघतं, "मुद्दाम करतो हा." आपण बाहेर गेलो म्हणून सूड उगवला, नवीन पाहुणे आले म्हणून राग काढला, काल ओरडलो त्याचा आज वचपा काढला. आमच्या आईचं तर ठाम मत आहे की चिंगीला सगळं कळतं आणि ती आपली परीक्षा बघते. मी यावर खूप विचार केलाय (फरशी पुसताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो) आणि मला एवढंच कळत नाही की ज्या प्राण्याला शू ही घाण वाटतच नाही तो शू करून आपला अपमान कसा काय करेल? कुत्रा बाहेर गेल्यावर दुसऱ्या कुत्र्याची शू किती मन लावून हुंगतो बघा. कोण येऊन गेलं, नर की मादी, माजावर आहे का, सगळी खबर त्याला तिथे मिळते. आपल्या लेखी जी शिसारी आणणारी गोष्ट आहे ती त्याच्या लेखी बातमी आहे. सूड घ्यायचाच असता तर त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं, आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टी त्याच्याकडे काय कमी आहेत.

यावर लोक लगेच म्हणतात, "अहो पण त्याचं तोंड बघा ना, चोरासारखं करतो, म्हणजे कळतं त्याला." ते तोंड मला चांगलं माहितीये. कान मागे, शेपूट पायात, नजर चुकवायची, अंग चोरून कोपऱ्यात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी 2009 साली यावरच एक प्रयोग केला होता. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्ला, काही वेळा खाल्ला नाही, पण मालक परत आल्यावर त्याला खरं काय घडलं ते सांगितलं जायचंच असं नाही, कधी मुद्दाम उलटही सांगायचे. निघालं असं की ते अपराधी तोंड खाऊ खाण्या-न-खाण्यावर अवलंबून नव्हतंच, मालक रागावला की ते तोंड यायचं. आणि गंमत म्हणजे ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरीही बोलणी खाल्ली, त्यांचं तोंड जास्तच अपराधी दिसत होतं. म्हणजे तो माफी मागत नसतो, समोरचं वादळ ओसरावं म्हणून अंग चोरत असतो.

आमच्या घरी याचा डेमो फुकटात झाला. एकदा नवरा सकाळी उठून स्वयंपाकघरात गेला, फ्रिजसमोर पाण्याचं तळं, आणि त्याने तिथूनच आवाज टाकला, "चिंगेऽऽ!" चिंगी माझ्या पायाशी झोपली होती, ती टेबलाखाली गेली, कान डोक्याला चिकटले, डोळे इतके केविलवाणे की बघवेना. नवरा म्हणाला, बघ, कसं तोंड केलंय, केलंयच हिने. पुसायला घेतलं तर वास नाही, रंग नाही, आणि फ्रिजखालून अजून येतंच होतं. फ्रिजची पाण्याची नळी तुंबली होती. चिंगी मात्र फ्रिजच्या वतीने कबुलीजबाब देऊन मोकळी झाली होती.

ओरडण्याचा आणखी एक तोटा आहे आणि तो ओरडण्याच्या वेळी अजिबात लक्षात येत नाही. कुत्र्याला शूमध्ये नाक घासून दाखवायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यातून तो "घरात शू करू नये" हे शिकतच नाही. तो शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो, पलंगाखाली करतो, पडद्याआड करतो. आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेर नेलं तरी करत नाही, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तोच माणूस उभा आहे! मग आपण तासभर फिरवून दमून घरी येतो, पट्टा काढतो, आणि तो निवांत आतल्या खोलीत जाऊन कार्यक्रम उरकतो, आणि आपण परत म्हणतो, बघा, मुद्दाम.

तसंच अजून एक. बाहेर नेल्यावर शू झाली रे झाली की लगेच त्याला घरी ओढायची घाई आपल्याला असते. कुत्र्याच्या बाजूने विचार करा, शू केली की मजा संपते असा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसतो, मग तो जेवढी लांबवता येईल तेवढी लांबवतो. शू झाल्यावर दोन मिनिटं तरी जास्त फिरवा, त्याच्या मनासारखं हुंगू द्या. शाबासकी द्यायची तर तिथेच, झाल्या झाल्या द्यायची, घरी येऊन डबा उघडून दिलेला खाऊ त्याला कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही, त्याला वाटतं घरी आल्याबद्दल मिळाला.

बरं, आता मूळ मुद्दा. घरात झालेली शू ही एकच गोष्ट नाहीये. आपण सगळ्याला एकाच फडक्याने पुसतो म्हणून ती एक वाटते. ओरडायच्या आधी, पुसायच्याही आधी, थांबून बघायचं असतं की किती आहे, कुठे आहे, जमिनीवर आहे की भिंतीवर, तो जागा होता की झोपेत, वाकून केली की पाय वर करून, रंग कसा आहे. एवढं बघितलं की अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

बंड्याचं उदाहरण घ्या. बंड्याने तरुणपणी कधी तळं केलं नाही. बंड्या चार थेंबवाला माणूस होता. पडद्याचा खालचा कोपरा, सोफ्याचा पाय, दाराची चौकट, आणि त्याची सर्वात आवडती वस्तू म्हणजे पाहुण्याची जमिनीवर ठेवलेली बॅग. पाहुणा चपला काढून आत येऊन टेकेपर्यंत बंड्या बॅगेला तिरका उभा, पाय वर, काम फत्ते. याला मार्किंग म्हणतात, ही पोट रिकामं करायची शू नव्हेच, हा सहीशिक्का असतो. उभ्या वस्तूवर, थोडीशी, आणि बहुतेक वेळा नवीन काहीतरी घरात आल्यावर. नसबंदी केलेली नसेल तर नरांमध्ये जास्त असतं, केल्यावर बऱ्याच कुत्र्यांचं कमी होतं, सगळ्यांचं पूर्ण जातं असं नाही, आणि माद्याही मार्किंग करतात हे लोकांना माहीत नसतं. बंड्या चणीने लहान होता पण पाय मात्र असा वर न्यायचा की तोल जाईल की काय असं वाटायचं. 2018 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोन मोजून अभ्यास केला, तर लहान चणीचे नर पाय जास्त वर नेतात असं दिसलं, कदाचित शूचा डाग उंचावर गेला की मागून येणाऱ्या कुत्र्याला वाटावं की इथे कुणीतरी दांडगा येऊन गेलाय. हे वाचल्यावर मला बंड्याबद्दल एकदम आदर वाटला. बॅगांचं म्हणाल तर त्यावर उपाय एकच होता, बॅग वर ठेवा.

चिंगीचं लहानपणचं प्रकरण वेगळं. ती घरात सहसा करायची नाही, पण माझा भाऊ आला की हमखास करायची. भाऊ म्हणजे दारातूनच "कोण आहे गं माझी बाळीऽऽ" करत दोन्ही हात पसरून तिच्यावर वाकणार, आणि ती लगेच पोट जमिनीला टेकवणार, कान मागे, शेपटी हलतीये, जीभ बाहेर, आणि खालून धार. भावाला वाटायचं आनंदाने करते. थोडा आनंद असेलही, पण त्यात जास्त भाग "मी लहान आहे, मला काही करू नकोस" असं सांगण्याचा असतो. पिल्लांमध्ये आणि तरुण माद्यांमध्ये हे खूप दिसतं आणि बहुतेकांचं वयाबरोबर आपोआप सुटतं. यावर रागावणं म्हणजे आगीत तेल, कारण ती जे सांगतीये की मला घाबरवू नका, त्याला उत्तर म्हणून आपण तिला अजून घाबरवतो. भावाला आम्ही ट्रेनिंग दिलं, चिंगीला नाही. घरात यायचं, तिच्याकडे बघायचं नाही, काही बोलायचं नाही, सोफ्यावर तिरकं बसायचं, ती स्वतःहून जवळ आली की हनुवटीखाली खाजवायचं, डोक्यावरून हात नाही फिरवायचा. भावाला हे फार जड गेलं. चिंगीला काहीच जड गेलं नाही.

पिल्लांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे म्हणून थोडक्यात आटपते. नवजात पिल्लाला स्वतःहून शू करताच येत नाही, आई चाटते तेव्हा होते, साधारण तीन आठवडे तरी तसंच चालतं, आणि पुढे ती पिल्लं लडखडत का होईना पण झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही. आपल्याला फक्त 'झोपायची जागा' ही कल्पना ताणून घरभर करायची असते, सगळं ट्रेनिंग म्हणजे एवढंच. मोठं घर एकदम मोकळं दिलं तर पिल्लाला कोपऱ्यातली खोली आपली वाटत नाही, म्हणून आधी थोडीच जागा द्यायची आणि ती हळूहळू वाढवायची. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्यायचं. जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके अधिक एक तास ते दिवसा दम काढू शकतं असा ढोबळ हिशोब सांगतात, म्हणजे तीन महिन्यांचं असेल तर फार फार तर चार तास, पण ही शेवटची हद्द झाली, तेवढं रोज रोखून धरायला लावायचं असा त्याचा अर्थ नाही. आणि पॅडवर करायला शिकवलं असेल तर एक लक्षात ठेवा, पिल्लाच्या पायाला कळतं ते एवढंच की मऊ आणि पाणी शोषणारं काहीतरी पायाखाली आलं की करायचं. पायपुसणंही मऊ असतं. गालिचाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला घेतलं ते. वर्षानुवर्षं घरात न करणारा कुत्रा एक दिवस करायला लागला, तर तिथे ट्रेनर नको, डॉक्टर पाहिजे. हे मी ज्याला त्याला सांगत असते आणि लोक आधी ट्रेनरलाच फोन करतात. लघवीचं इन्फेक्शन हे एक नेहमीचं कारण, माद्यांना जास्त होतं. सारखं सारखं वाकून बसणं, थोडीथोडी होणं, जोर लावावा लागणं, लाल-तपकिरी रंग, सतत तिथे चाटत राहणं, यातलं काही दिसलं की युरिन टेस्ट. मूत्रखडे असले तरी हीच लक्षणं दिसतात. आणि नर कुत्रा सारखा पाय वर करतोय, जोर लावतोय पण थेंबही येत नाहीये, तर ती उद्या बघू म्हणायची गोष्टच नाही, लघवीचा मार्ग खड्याने अडलेला असू शकतो आणि त्याच तासाला निघायचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. किती शू करतोय हे मोजणं अवघड, पण किती पितोय हे मोजणं सोपं आहे आणि तरी कुणी मोजत नाही. मापाने पाणी भरायचं, चोवीस तासांनी उरलेलं परत मापायचं, मध्ये भर घातली तर तीही लिहून ठेवायची. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल तर ते जास्त धरतात, म्हणजे 10 किलोचा कुत्रा लिटरभराच्या वर पीत असेल तर काहीतरी गडबड आहे. त्यामागे मधुमेह असू शकतो, किडनी असू शकते, कुशिंग नावाचा हार्मोनचा आजार असू शकतो, किंवा अगदी साधं म्हणजे खाजेसाठी चालू केलेली स्टेरॉइडची गोळी असू शकते, तिने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी एकदम घटाघटा पाणी प्यायला लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, बाहेर काही स्राव दिसेलच असंही नाही, आणि ते जिवावरचं असतं. हे सगळं 'घरात शू करते' या एका तक्रारीमागे लपलेलं असतं बघा. आणि यात काही शहाणे लोक काय करतात, तर पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात. प्यायलाच नाही तर करणार कुठून! किडनी बिघडलेल्या कुत्र्याच्या शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून तो पितोय, त्याचं पाणी तोडलं तर शू थांबणार नाही, कुत्रा सुकेल.

युरिन सॅम्पल हा एक स्वतंत्र विनोदी एकांकिकेचा विषय आहे. डॉक्टर म्हणतात सकाळची पहिली आणा, कारण रात्रभर पाणी न पिता किडनी लघवी किती दाट करू शकते ते पहिल्या लघवीतच कळतं. म्हणायला सोपं आहे. मोठेपणी चिंगीच्या झोपायच्या जागी ओलं सापडायला लागलं तेव्हा आम्ही एक लांब दांड्याची पळी घेतली, उकळत्या पाण्यातून काढली, आणि मी पहाटे पायजम्यावर चिंगीच्या मागे मागे पळी लपवून चालतीये. ती वाकली की मी पळी सरकवायची, पळी दिसली की ती उठून माझ्याकडे असं बघायची की बाई बरी आहेस ना. शेवटी नवरा पुढून तिच्याशी गप्पा मारायला लागला आणि मी मागून चार चमचे मिळवले. सॅम्पल लगेच पोचवायचं, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचं (कशात ठेवलंय ते घरच्यांना सांगायचं, प्लीज). इन्फेक्शन नेमकं कुठल्या जंतूचं हे बघायचं असेल तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण कुत्रे ते पळीपेक्षा शांतपणे सहन करतात असं माझं निरीक्षण आहे.

चिंगीचे सगळे रिपोर्ट चांगले आले. इन्फेक्शन नाही, साखर नाही, किडनी ठीक. पण ओलं तर होत होतं. आणि मग एका दुपारी मी तिच्या शेजारी बसून काहीतरी वाचत होते, ती गाढ झोपली होती, पाय स्वप्नात हलत होते, आणि तिच्या मागच्या पायांखाली चादरीवर डाग हळूहळू मोठा होताना मला दिसला. ती हललीसुद्धा नाही. थोड्या वेळाने उठली, वळून त्या ओल्या जागेचा वास घेतला, स्वतःला चाटलं, परत जागेचा वास घेतला, आणि मग माझ्याकडे बघितलं. इथे कोण येऊन गेलं, असं काहीसं.

नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या चणीच्या, मूत्रमार्गाचं तोंड आवळून धरणारे स्नायू ढिले पडतात, कधी नसबंदीनंतर लवकर, कधी कितीतरी वर्षांनी. जागेपणी सगळं व्यवस्थित, बाहेर नेलं की नीट करणार, पण झोपेत गळतं. तिला कळतच नाही. यावर औषध आहे आणि ते बऱ्याच जणींना चांगलं लागू पडतं. फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं एक आहे, त्याने ते स्नायू घट्ट राहतात, पण रक्तदाब वाढू शकतो म्हणून तो तपासत राहावं लागतं, दुसरं इस्ट्रिऑल म्हणून हार्मोनचं आहे. कुठलं, किती, हे डॉक्टर ठरवतात, आपण दुसऱ्याच्या कुत्रीचं औषध मागून आणायचं नाही. चिंगीचं औषधाने खूपच कमी झालं, अगदी बंद नाही. तिच्या गादीवर रबरी शीट, त्यावर धुवायची चादर, आणि ओल्याने कातडी खराब होऊ नये म्हणून उठली की मागून पुसून घ्यायचं. डायपर आणले होते, एक रात्र घातला, सकाळी घरभर त्यातला कापूस होता. आई अजूनही "मुद्दामच करते मेली" असं म्हणते आणि रात्री उठून तिच्या खालची चादर बदलते.

बंड्याचं म्हातारपण वेगळ्या वाटेने गेलं. त्याचं शरीर बरं होतं, डोकं हरवत चाललं होतं. बाहेर जायचं असलं की दाराशी जाऊन उभा राहायचा, पण दार उघडतं त्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला, आणि तिथे भिंतीकडे तोंड करून वाट बघत राहायचा. रात्री जागा, दिवसा झोप. बाहेर जाऊन यायचा, आत येऊन मधोमध उभं राहून करायचा, करताना चेहऱ्यावर काही नाही. माणसांना होतो तसा स्मृतिभ्रंश कुत्र्यांनाही होतो आणि घरात शू हे त्याच्या ठळक लक्षणांपैकी एक आहे. बंड्याला शिकवलेलं आठवत नव्हतं, त्याला परत शिकवायला आम्ही गेलो नाही, फक्त फेऱ्या वाढवल्या आणि रात्री दिवा चालू ठेवायला लागलो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीकडेही बघायला पाहिजे, पायऱ्या उतरायला दुखत असेल तर तो दारापर्यंत जातच नाही, आणि बाहेरून ते आळशीपणासारखं दिसतं.

आता फडकं. पुसण्यात बहुतेक घरांत एक गोष्ट होते, आपल्या नाकाला वास येईनासा झाला की आपण थांबतो. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पुढचं, त्याच्यासाठी ती जागा अजून बोलतीये. वासाचं फिनेल ओतलं तर आपल्याला फुलांचा वास येतो आणि त्याला फुलांखालची शू येते. अमोनियावालं क्लीनर तर वापरूच नका, शूमधला युरिया जंतू फोडतात तेव्हा अमोनियाच तयार होतो, म्हणजे आपणच परत सुगंधी आमंत्रण दिल्यासारखं. आणि ब्लीच शूवर टाकायचं नाही, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, बंद बाथरूममध्ये तर खरंच डोळे आणि छाती जळते. कोरड्या फडक्याने आधी दाबून दाबून जेवढं निघेल तेवढं काढायचं, घासायचं नाही, घासलं की अजून आत जातं. मग एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मुळातून तोडणारं क्लीनर, आणि ते शिंपडून लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्यायचं. सोफ्यावर असेल तर शू जितकी आत गेलीये तितकं क्लीनर आत गेलं पाहिजे, वरवर केलं तर कापड साफ होतं आणि आतला फोम तसाच. हातमोजे घाला, लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार लागण झालेल्या प्राण्याच्या लघवीतून पसरतो आणि हातावरची छोटी जखमही त्याला पुरते.

यूव्ही टॉर्च मिळतो, तो एकदा आणून बघा, किंवा खरं तर नका बघू. आम्ही दिवे घालवून हॉलमध्ये तो फिरवला तर सगळा हॉल आकाशगंगेसारखा चमकला. काही डाग साबणाचे निघाले, तेही चमकतात, पण सोफ्याच्या मागे गुडघाभर उंचीवर एक ओळ होती ती बंड्याची. बंड्या जाऊन बराच काळ झाला होता. ती ओळ पण साफ केली, कारण चिंगी तिथेच जाऊन हुंगत बसायची आणि आम्हाला वाटायचं पाल आहे.

एक छोटीशी गोष्ट फिरायला जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि मंडळींनी 2014 साली शोधून काढलं की तीन किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना, मग तो कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला साधारण 21 सेकंद लागतात, पुढेमागे धरून. त्यासाठी त्यांना पुढच्या वर्षी इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, पण मिळालं. आम्ही तेव्हापासून मनातल्या मनात मोजतो. रात्रीच्या शेवटच्या फेरीला चिंगीने तीन-चार सेकंदांत उरकलं तर अजून शिल्लक आहे असं समजून आणखी एक चक्कर मारतो. शास्त्रज्ञांनी यासाठी नक्कीच मोजलं नसणार, पण चादरी कमी धुवाव्या लागतात.

ओळखीतले लोक सल्ले देतातच. त्यातला सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला म्हणजे बाहेर बांधा. किंवा देऊन टाका कुणाला तरी. घरात घाण करतो या एका कारणाने किती कुत्रे घराबाहेर जातात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना फक्त एक टेस्ट आणि एक गोळी पाहिजे असते. बाहेर बांधल्याने काय होतं, तर शू मातीत मुरते आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच. तो जास्त पाणी पितोय हे कळत नाही, रक्त पडतंय हे कळत नाही, जोर लावतोय हे कळत नाही. चिंगीला बाहेर बांधलं असतं तर आमचा गालिचा आज जमिनीवर असता, आणि पुढेमागे तिची किडनी खरंच बिघडली तर आम्हाला ती खायची बंद झाल्यावर कळलं असतं.

पुढच्या आठवड्यात तिचा रक्तदाब बघायचाय आणि डॉक्टरांनी परत सॅम्पल मागवलंय, सकाळची पहिली. पळी आता अनुभवी झालीये, तिच्या दांड्याला आईने लाल दोरा बांधलाय आणि आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलंय की ही चुकूनही स्वयंपाकघरात आणलीत तर चिंगीच्या आधी तुम्हाला बाहेर काढेन.